एकशे वीस डाव्या बाह्या

माझी थोरली जाऊ आमच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. बाई असून मास्तर, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणतात. शाळेत तिने कधी शिकवलं नाही आणि ती फार शिकलीही नाही. पण साठ थरांच्या गठ्ठ्यातून कापायच्या मशीनचं पातं असं फिरवते, की सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची कॉलर एकमेकींवर ठेवली तर केसाचाही फरक दिसायचा नाही. हे मी सांगते आहे, आणि मी तिची जाऊ आहे. जावेने जावेचं कौतुक केलं म्हणजे ते खरंच असणार.

कारखाना म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. एका भिंतीला शिलाई मशिनी, दुसरीला इस्त्रीची टेबलं आणि मध्ये कटिंगचं लांबलचक टेबल. आम्ही गणवेश शिवतो, पहारेकऱ्यांचे, ड्रायव्हरांचे, दवाखान्यातल्या लोकांचे. मी सोळा वर्षं तिथे बाह्या लावते. बाहीच्या वरच्या टोकाला पुढच्या बाजूची गोलाई जास्त खोल असते, मागची उथळ. त्यामुळे डावी बाही उजव्या खांद्याला लावायला गेलं की ती फुगते, वळते, रुसलेल्या पोरासारखी तोंड फिरवते. कितीही ओढा, बसत नाही.

तर झालं असं. निळ्या कापडाचे साठ कोट होते. कापडाला सुलटी आणि उलटी अशा दोन बाजू, पण फरक अगदी थोडा. बाह्यांसाठी असं कापड टेबलावर अंथरताना एक थर सुलटा, त्यावर दुसरा उलटा, असं समोरासमोर घालायचं असतं. मग एकाच नमुन्याने कापलं तरी एका थरातून डावी बाही निघते, दुसऱ्यातून उजवी. आदल्या दिवशी मात्र वेगळं काम होतं, तेव्हा सगळे थर एकाच बाजूने घालायचे होते. जाऊबाईचा हात दुसऱ्या दिवशीही त्याच वळणाने चालत राहिला. साठ थर घातले, सगळे सुलटे. प्रत्येक थरातून दोन बाह्या.

तिसऱ्या दिवशी त्या बाह्या माझ्या मशीनवर आल्या. पहिली बसली. दुसरी बसेना. गठ्ठ्यातली तिसरी घेतली, चौथी घेतली. मग मी तो अख्खा गठ्ठा मांडीवर ओतला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, या सगळ्या डाव्याच आहेत."

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तो असता तर बरं झालं असतं. बावीस मशिनी थांबल्या. जाऊबाई टेबलापाशी उभी होती. तिने हातातला खडू खाली ठेवला, आमच्याकडे पाठ केली आणि नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने कापायला नकार दिला. मालक ओरडले असतील असं कुणाला वाटेल, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त कपाळावर हात मारला आणि आतल्या खोलीत गेले. नकार तिचाच होता. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली आणि शिवून आलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापायला लागली. हे काम नवीन आलेल्या बाईला देतात. अठरा वर्षं मास्तर असलेली बाई टेबलाकडे पाठ करून धागे कापते आहे, आणि टेबलावर मालक स्वतः कापताहेत, असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मालकांची कंबर आणि आमचे कोट, दोन्ही वाकडे झाले.

घरी आणखी वाईट. गॅस बंद आहे का हे ती चारदा बघायची. कुलूप लावून जिना उतरायची आणि पुन्हा वर यायची. मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायची वेळ आली तेव्हा कात्री हातात घेऊन दहा मिनिटं नुसती उभी राहिली, मग मला म्हणाली, "तू काप." माझे थोरले दीर बिचारे साधे आहेत. ते म्हणायचे, "जाऊ दे ना, चूक कुणाकडून होत नाही?" हे त्यांनी शंभरदा तरी म्हटलं असेल. तिच्यावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही, उलट ती आणखी गप्प व्हायची.

मग तिच्या छातीत धडधड सुरू झाली. सरकारी दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, आणि त्यांनी एका चिठ्ठीवर व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीचा नंबर लिहून दिला. तिथे एक बाई बसतात, बोलून उपचार करतात. मी म्हटलं, बोलून माणूस बरा होत असता तर आमच्या घरात कुणी आजारीच पडलं नसतं. पण जाऊबाई म्हणाली, "तू चल बरोबर," म्हणून गेले.

खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि खडखडणारा पंखा. बाई माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या. मनात म्हटलं, ही काय शिकवणार आम्हाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कात्री हातात घेतली की मनात नेमकं काय येतं? जसं येतं तसंच सांगा."

"माझ्या हातून चूक होताच कामा नये."

"आणि झाली तर?"

"तर मी कामाची नाही."

"कुठल्या कामाची?"

"कुठल्याच."

बाईंनी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि कागद आमच्याकडे फिरवला. "या तुमच्या जाऊ ना? यांच्याकडून कधी बाही उलटी लागते?"

"हिच्याकडून? रोज."

"मग या कामाच्या नाहीत?"

"असं कसं? हिच्याशिवाय कारखाना चालायचा नाही."

सोळा वर्षांत पहिल्यांदा माझं कौतुक झालं, आणि तेही दवाखान्यात. बाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांना एक नियम आणि तुम्हाला दुसरा. तुमचा नियम कुणी केला?" उत्तरासाठी बाई अडून बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाह्या डाव्या कापल्या गेल्या, ही घडलेली गोष्ट. मी कुठल्याच कामाची नाही, हा त्यावर तुम्ही दिलेला निकाल. घडलेलं बदलत नाही. निकाल मात्र तपासता येतो. मी तुम्हाला चांगला विचार करा असं सांगणार नाही. खरा विचार करा, एवढंच सांगेन."

मला वाटलं होतं, त्या धीर देतील. त्यांनी धीर दिलाच नाही, वही दिली. भीती वाटली की त्यात तीन गोष्टी लिहायच्या. काय झालं, मनात काय आलं, आणि त्याला पुरावा काय. जाऊबाईने पहिल्या आठवड्यात लिहिलं, 'मी कापलं की सगळं वाया जातं. पुरावा: एकशे वीस बाह्या.' बाईंनी वाचलं आणि विचारलं, "त्या बाह्या वाया गेल्या?"

"गेल्याच असणार."

"तुम्ही पाहिल्यात?"

"नाही."

"मग विचारून या. हाच तुमचा अभ्यास."

दोन वाक्यांचा प्रश्न विचारायला तिला अकरा दिवस लागले. रोज मालकांच्या टेबलापर्यंत जायची आणि सुईदोऱ्याचं काहीतरी विचारून परत यायची. बाराव्या दिवशी मी मशीन थांबवून बघत होते. तिने विचारलं. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुठल्या बाह्या?"

आठ महिने आम्ही घरात ज्याच्यावरून श्वास रोखून वावरत होतो, ते मालक विसरूनही गेले होते. आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "त्या होय. साठ तर लागल्याच. साठ उजव्या मी कापल्या. उरलेल्या साठ डाव्या पुढच्या ऑर्डरला वापरल्या. चार दिवस उशीर झाला, दुसरं काय? तुमच्या जावेनेच लावल्या की."

खरंच, मीच लावल्या होत्या. आणि घरी एका शब्दाने बोलले नव्हते. कारण तिला त्रास नको म्हणून आम्ही घरात 'बाही' हा शब्दच काढत नव्हतो. तिची काळजी घेतो आहोत असं समजून आम्ही तिला अंधारात ठेवलं होतं. आणि गंमत बघा, त्या कोटांचे सुटे धागे जाऊबाईनेच कापले होते. आठ महिने जी गोष्ट वाया गेली म्हणून ती झुरत होती, ती तिच्या मांडीवरून गेली आणि तिला दिसली नाही. तिने त्या दिवशी वहीत पुराव्यावर काट मारली. जोरात मारली, कागद फाटला.

त्यानंतर बाईंनी तिला एक वर्तुळ काढायला लावलं. त्या चुकीत कुणाकुणाचा आणि कशाकशाचा किती वाटा होता, तेवढे तुकडे पाडायचे. स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. घरी जेवणाच्या टेबलापाशी बसून तिने बशी उलटी ठेवून गोल काढला. कटिंगच्या टेबलावरची ट्यूब तेव्हा पंधरा दिवस बंद होती, त्याचा एक तुकडा. मालकांनी दोन दिवस आधी माल मागितला, त्या घाईचा एक. आदल्या दिवशीच्या सवयीचा एक. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या कापडाचा एक. उरलेला सगळा तिचा. मी तिच्या खांद्यावरून बघत होते आणि माझा चेहरा गरम होत गेला.

एक गोष्ट मी मघापासून सांगितलेली नाही. कापड अंथरायला टेबलाच्या दोन टोकांना दोन माणसं लागतात. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला मी होते. साठ थर मीही सारखे केले, आणि तोंडाने माझ्या दुखऱ्या दाढेची कथा चालू होती. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडले तीही मीच. वर्तुळात माझं नाव नव्हतं.

"ताई, मला विसरलीस."

"विसरले नाही," ती म्हणाली. "तुझं नाव घातलं तर तुला वाईट वाटेल म्हणून नाही घातलं."

मी खूप चिडले. आठ महिने ही बाई एकटी जळत बसली, माझ्यावर एक ठिणगी पडू नये म्हणून, आणि मी साळसूदपणे ते चालू दिलं. मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि भला मोठा तुकडा माझ्या नावाने पाडला. ती म्हणाली, एवढा नको, तुझी दाढ खरंच दुखत होती, आणि तिने खोडरबर घेतलं. मी पुन्हा काढला. जावा वाट्यावरून भांडतात हे जगजाहीर आहे. आम्हीही त्या दिवशी भांडलो, फक्त मला जास्त हवा होता आणि ती द्यायला तयार नव्हती. शेवटी ती हसली. ते हसू मी आठ महिन्यांनी ऐकलं, आणि मला रडू आलं.

बाईंनी वर्तुळ पाहिलं. तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाइतका उरला होता. मला वाटलं, आता म्हणतील, हाही पुसून टाका. तसं म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता. त्या म्हणाल्या, "एवढी चूक तुमची होती. एवढीच होती."

पण वहीत निकाल बदलला म्हणून हात बदलत नाहीत. कात्री उचलली की तिचे हात थरथरायचेच. तेव्हा बाईंनी शेवटचं औषध काढलं, आणि ते मात्र मला वेडेपणाचं वाटलं. मुद्दाम चूक करा, म्हणाल्या. एक कोट कापा, एक बाही निळी आणि दुसरी करड्या रंगाची. आणि तो घालून बाजारात जा. लोक काय करतील असं वाटतं ते आधी लिहा, आणि काय केलं ते नंतर लिहा. जाऊबाईने लिहिलं, 'हसतील. बोटं दाखवतील. ओळखीचं कुणी भेटलं तर मी मरेन.'

कोट तिने स्वतः कापला. एकच कोट, एकच थर, पण आठ महिन्यांनी कापला. कापायला एक तास लागला. मी शिवला. रविवारी सकाळी ती तो घालून निघाली आणि मी चार पावलं मागे, कारण लाज मलाच जास्त वाटत होती. भाजीवाला, बूट दुरुस्त करणारा, औषधाचं दुकान, बस थांब्यावरची रांग. कुणी मान वळवली नाही. जो तो आपल्या नादात. शेवटी एका बाईने तिला हात करून थांबवलं. आता ही बोलणार, आणि सगळ्यावर पाणी फिरणार. ती बाई म्हणाली, "अहो, तुमच्या पिशवीतून कांदे पडताहेत."

आम्ही दोघींनी रस्त्यावर बसून कांदे गोळा केले. जाऊबाईने घरी येऊन लिहिलं, 'एका बाईने कांदे दाखवले. मी मेले नाही.'

त्याच आठवड्यात मालकांनी तिला बोलावलं. त्यांची कंबर पार गेली होती. त्यांनी बाहेरच्या एका कटिंग मास्तरशी बोलणं केलं होतं. दर आठवड्याला हजार कपडे कापणारा माणूस, सोमवारी येऊन टेबल बघून जाणार. तुम्हाला परत यायचं असेल तर सोमवारी सकाळी कापून दाखवा, मालक म्हणाले, नाहीतर टेबल त्याचं. एकदा त्याला दिलं की परत मागायला येऊ नका. तिने विचार करायला वेळ मागितला नाही. "येते," म्हणाली.

सोमवारी ऐंशी थर होते. दुसऱ्या टोकाला मी. या वेळी दाढ, शेजारी, सिनेमा, काही नाही, तोंडाला कुलूप. तो नवा मास्तर खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा होता. माझी सोडून एकवीस मशिनी चालू होत्या, पण एकीचाही सूर नीट नव्हता, कारण सगळ्यांचं लक्ष टेबलाकडे. जाऊबाईने नमुने मांडले, खडूने रेघा ओढल्या, चिमटे लावले. हात थरथरत होते, मला दिसत होते. बाईंनी तिला सांगितलं होतं, थरथर थांबायची वाट बघू नका, थरथरत्या हातानेच सुरू करा. तिने मशीनचं बटण दाबलं.

पाठ, पुढचे भाग, खिसे, पट्ट्या. पातं हवं तसं फिरत गेलं, मी श्वास सोडायला लागले होते. मग कॉलर. शेवटच्या वळणावर तिने मशीन थांबवलं. गठ्ठा उचलला, खालून बोटाने थर चाळले आणि ताठ उभी राहिली.

"खालचे सहा थर सरकलेत," ती म्हणाली. खोलीला ऐकू गेलं. "चिमटा ढिला राहिला, माझ्याकडून. सहा कॉलरी लहान झाल्या आहेत. बाजूला काढते, तुकड्यातून पुन्हा कापते. अर्धा तास लागेल."

मशिनी थांबल्या. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, नळाकडे जाते की काय म्हणून. ती गेली नाही. तिने सहा कॉलरी मोजून बाजूला ठेवल्या आणि उरलेलं कापड पसरायला घेतलं. तेवढ्यात कफ लावणारी बाई मागून हळूच म्हणाली, "माझेही सकाळपासून चार कफ उलटे लागलेत. सांगायला भीत होते." तिच्या पलीकडची म्हणाली, तिचं एक काज चुकलं आहे. या खोलीत आजवर असं कुणी बोललं नव्हतं, आम्ही चुका पायाखाली सरकवायचो.

मालक टेबलापाशी आले. नव्या मास्तरकडे बघितलं, मग हिच्याकडे. "कापणं चांगलं आहे, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "पण मला एक लिहून द्या. पुन्हा चूक होणार नाही असं. मग टेबल तुमचं."

सही करून टाक, मी मनात म्हणाले. कागद काय, लिहायला काय जातं. आठ महिन्यांपूर्वी तिने रक्ताने लिहून दिलं असतं, आणि त्याच कागदाखाली चिरडून गेली असती.

"ते मी लिहून देणार नाही," जाऊबाई म्हणाली. आवाज साधा होता, भांडणाचा नव्हता. "होईल चूक. तुमच्याकडून होते, यांच्याकडूनही होत असेल." तिने नव्या मास्तरकडे मान हलवली, आणि त्यानेही, खोटं कशाला सांगू, मान हलवली. "होऊ नये म्हणून मी जिवाचं रान करीन. आणि झाली की पहिल्यांदा मीच सांगेन. हे हवं असेल तर आत्ता लिहून देते."

सहा लहान कॉलरींमधली एक मालकांनी उचलली, बघितली, खाली ठेवली. मग नव्या मास्तरला म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास दिला, चहा घेऊन जा."

माझ्या टोकाजवळच्या मशीनवरची बाई मला हळूच विचारत होती, ही एवढी धीट कधी झाली. मी म्हटलं, धीट वगैरे काही नाही, तिचे हात अजून थरथरताहेत, बघ. आणि मग, माझ्या तोंडाला लगाम नाहीच, मी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी जाऊ आहे ती."

तिने ऐकलं. वर न बघता म्हणाली, "टोक धर नीट. चौथा थर तुझ्या बाजूने वाकडा आहे."

होता. मी सरळ केला.